मंजुषा कुणाची?

वर्षश्राद्धाचा स्वयंपाक साडेअकरालाच उरकला, पण पंगत काही बसेना. अंबुबाई ओट्यावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत ठाण मांडून बसली होती आणि तिच्याआधी ताटावर बसायची हिंमत येळवंड्यांच्या घरात कुणालाच नव्हती.

"लेकीचं पैसं गेल्याबिगर मी घास घेनार न्हाई," ती सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाली.

"आत्याबाई, शुगरची गोळी घेतलीय तुमी," थोरली सून सुमनताई दारातून सासूला म्हणाल्या. "चक्कर यील."

"यिऊ दे. जाताना त्यांनी काय सांगितलं व्हतं? वरीस झालं आज."

त्यांनी म्हणजे तिच्या नवऱ्यानं, लक्ष्मणरावांनी. ज्या मुलीचं नाव घरात काढायचं नाही असा हुकूम त्यांनी पंचवीस वर्षं चालवला, तिचं नाव शेवटच्या आठवड्यात त्यांनीच काढलं. गोदामवाल्या कंपनीला विकलेल्या शेताच्या पट्टीचे पैसे तेव्हा नुकतेच खात्यावर आले होते. "कस्तुराचा वाटा कस्तुराला द्या," एवढं बोलून म्हातारा भिंतीकडे तोंड करून झोपला आणि चौथ्या दिवशी गेला.

वाटा द्यायचं काम थोरल्या ज्योतीरामकडे आलं आणि त्यानं ते वर्षभर आज करू, उद्या करू म्हणत लांबवलं. कुरुळी गावात लोक म्हणायला लागले की ज्योतीरामचा हात सुटत नाही. लोकांचं काय, त्यांना जमीन आणि पैसा यापलीकडे भांडणाचं कारणच सुचत नाही. ज्योतीरामला पैशाचं काही नव्हतं. त्याला राग होता, आणि तो रागसुद्धा धड नव्हता. त्याला बहीण हवी होती, आणि सव्वीस वर्षांत हे तो एकदाही बोलला नव्हता.

कस्तुरा त्याच्याहून दहा वर्षांनी लहान. सायकलच्या दांडीवर बसवून त्यानं तिला चाकणच्या शाळेत सोडलं होतं. कांद्याच्या गाड्या आल्या की ती नाकाला ओढणी लावायची आणि "दादा, जोरात मार," म्हणायची. पुढे शेताच्या कडेला कंपन्या आल्या, लक्ष्मणरावांनी कामगारांसाठी चाळीस खोल्यांची चाळ बांधली, आणि सात नंबरच्या खोलीत राहणाऱ्या व्यंकट सूर्यवंशीचा हात धरून ती निघून गेली. व्यंकट लातूरकडचा, कंपनीत प्रेस शॉपला, पत्र्याच्या मशीनवर कामाला. त्याचं गाव कोणतं, हेसुद्धा विचारायचं नाही असं ठरलं होतं.

बापाची बंदी ज्योतीरामनं मानली. पण मनात त्याची एक खात्री होती. ती बाबांना नाही लिहिणार, आईला नाही लिहिणार, पण आपल्याला लिहील. पहिल्या राखीपौर्णिमेला तो पोस्टमनची वाट बघत ओट्यावर बसला. दुसऱ्या वर्षी बसला. तिसऱ्या वर्षीही बसला. त्याच्या नावाचं काही आलं नाही. त्यानंतर त्या दिवशी तो काहीतरी काम काढून घराबाहेरच राहू लागला. रिकामं मनगट घरात दिसायला नको, एवढाच त्यात हेतू.

"दादा, घ्या की उरकून," धाकटा पिंटू मोटारसायकलीला टेकून म्हणाला. चाळीशीचा गडी, प्लॉटच्या दलालीत नाव काढलेला, पण गावासाठी पिंटूच. "खातं नंबर तर आलाय नव्हं? दाबा बटन अन् व्हा मोकळं. म्हातारी उपाशी बसलीय."

खाते क्रमांक आणला होता गणराजनं. चाळीतल्या चौदा नंबरच्या खोलीतला हा पोरगा लातूरकडचा, औशाचा निघाला. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेला तेव्हा ज्योतीरामनं त्याच्याजवळ विषय काढला, तोही दहा वेळा इकडचं तिकडचं बोलून. व्यंकटचं घर गणराजच्या गल्लीपलीकडेच निघालं. व्यंकटच्या बायकोनं पासबुकातून खाते क्रमांक लिहून दिला. फोन नंबर मात्र दिला नाही.

"काय म्हणाली?" ज्योतीरामनं विचारलं होतं.

"काकू म्हनल्या, पैसे धाडायला फोन कशाला लागतोय?"

ते वाक्य ज्योतीरामच्या पोटात आजपर्यंत अडकलं होतं.

त्याची सून योगिनी लॅपटॉप घेऊन ओट्यावर आली. ती चाकणच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत अकाउंट्सला होती. दिवसभर लोकांचे पैसे सोडायचे, हेच तिचं काम. घरात तिला सगळे हळू आवाजात मॅडम म्हणत, पण बँकेचा ओटीपी आला की तिच्याकडेच धावत.

"आबा, नवीन खात्यावर आज पन्नास हजारच जातील. बाकीचे सोमवारी बँकेतून."

"चालंल का गं आई?" ज्योतीरामनं विचारलं.

"आज तिच्या पदरात काय तरी पडू दे. बास," अंबुबाई म्हणाली.

योगिनीनं आकडे भरले. एकदा कागदावरून वाचले, एकदा उलट वाचले. मग पाठवायचं सोडून तिनं भलतंच बटण दाबलं.

"आता काय?" पिंटू म्हणाला.

"नाव तपासते, काका. खातं कुणाच्या नावावर आहे ते बँक दाखवते. नाव जुळल्याशिवाय मी कुणाचा रुपया सोडत नाही."

"आपलीच बहीन हाय, तिचं काय नाव तपासायचं!"

पडद्यावर गोल चक्र फिरलं आणि नाव आलं. योगिनीनं ते वाचलं, कागदावरचे आकडे पुन्हा जुळवून पाहिले आणि मग सासऱ्याकडे बघितलं.

"आबा, हे आत्यांचं खातं नाही. मंजुषा व्यंकट सूर्यवंशी असं नाव आहे."

आत कढीला उकळी येत होती. अंबुबाईनं मान वर केली.

"कोन मंजुषा?"

"आकडा चुकला असंल," ज्योतीराम म्हणाला.

"आकडा चुकला असता तर व्यंकट सूर्यवंशी कसं येईल?" योगिनी हळू बोलली. "घर तेच आहे. माणूस दुसरं आहे."

पिंटूनं मोटारसायकल सोडली आणि तो ओट्यावर चढला. "मला वाटलंच व्हतं. गणराजनं तिला आदी कदी बघितलंय का? व्यंकटची बायकू म्हनून जी भेटली तिनं नंबर दिला. व्यंकटनं दुसरी केली असंल, दादा! आन् आपुन आपल्या शेताचं पैसं त्या बयेच्या…"

बोलता बोलता तो थांबला. आपण काय बोलत होतो ते त्याला आत्ता कळलं. कस्तुरा गेली तेव्हा तो चौदा वर्षांचा होता, आणि त्याआधीची सगळी वर्षं तिच्याच कडेवर आणि तिच्याच पाठीमागे गेली होती.

"मंग ताई कुटं हाय?" तो म्हणाला. दलालाचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "दादा, ताई हाय का तरी?"

अंबुबाईनं खुर्चीचे हात घट्ट धरले. ज्योतीरामला आईच्या तोंडाकडे बघवेना. वर्षभर आपण रुसून बसलो, आणि ज्याच्यावर रुसायचं ते माणूसच नसलं तर? हा विचार त्याच्या मनात आला. तो पायरीवर बसला.

"गणराजला फोन लाव," तो पिंटूला म्हणाला.

"पहिल्या शिफ्टला हाय. मोबाइल गेटवर जमा करत्यात. साडेतीनला सुटंल, बसनं यीस्तवर सव्वाचार." तरी पिंटूनं लावला. फोन बंद.

"सव्वाचारपर्यंत आजी उपाशी राहू शकत नाहीत," योगिनी म्हणाली.

"तुमच्या कंपनीत असं झालं मंजी काय करता तुमी?" ज्योतीरामनं तिला विचारलं. सासरा सुनेला काम विचारतोय, हे त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं.

"पैसे थांबवतो. मग पार्टीला फोन करतो. पण ज्या मेसेजमधून खातं आलं त्यातल्या नंबरवर नाही. आपल्याकडे आधीपासून जे असेल, जुन्या फाइलमध्ये, जुन्या बिलावर, त्यावर करायचा. नव्या माणसाची खात्री जुन्या खुणेवरून करायची, आबा. आत्यांचं आपल्याकडे आधीचं काय आहे?"

काय होतं? ज्योतीराम आठवत राहिला. फोटो बापानं जाळले होते. शाळेचा दाखला ती घेऊन गेली होती.

"नाव व्हतं," अंबुबाई म्हणाली. "माज्या आईचं नाव ठिवलं व्हतं मी तिला. तेवडंच व्हतं."

सुमनताई इतका वेळ उंबऱ्यात हाताला पीठ तसंच ठेवून उभ्या होत्या. त्या बाहेर आल्या आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"अहो, माजं नाव काय?"

"आता हे काय मधीच?"

"सांगा की."

"सुमन."

"ते तुमी ठिवलेलं. आईबापानं काय ठिवलं व्हतं?"

ज्योतीराम गोंधळला. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती. "मंगल," तो जरा वेळानं म्हणाला.

"आठवलं म्हनायचं. तांदळाच्या ताटात अंगठीनं तुमी सुमन लिहिलं आन् माजी मंगल त्याच ताटात ऱ्हायली. पहिलं तीन दिवस मला हाक मारली तरी मी ओ द्यायची न्हाई. आत्याबाईंना वाटलं, नवरी बहिरी हाय. मला कळायचंच न्हाई, मला बोलावत्यात म्हनून." त्यांनी हात पदराला पुसले. "या घरातल्या सगळ्या सुनांची नावं बदलली. आत्याबाई तुमच्या वडलांच्या घरी आल्या तवा शालन व्हत्या. आन् तुमची बहीन दुसऱ्याच्या घरची सून झाली, तिचं नाव तेवडं तसंच ऱ्हाईल, असं कसं वाटलं तुमा भावांना?"

पिंटू पायरी उतरून पुन्हा मोटारसायकलीपाशी गेला.

"आपुन तिच्या लग्नाला गेलो असतो तर ठावं असतं," सुमनताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं.

योगिनीनं लॅपटॉपकडे बघितलं. "असेल आई. पण असेलवर पैसे सोडता येत नाहीत. हेच नाव आत्यांचं, असं सांगणारी एक तरी खूण पाहिजे."

"मंजुषा," अंबुबाई पुटपुटली. परक्या घरी दिलेला चहा प्यावा तसं तिनं ते नाव जपून उच्चारलं. "मंजुषा."

आणि त्या म्हाताऱ्या आवाजात ते नाव ऐकताना ज्योतीरामला आठवलं.

एकदम नाही आठवलं. आधी चाळीचं अंगण आठवलं. त्या काळी चाळीस खोल्यांचं टपाल त्यांच्या ओट्यावर यायचं आणि वाटायचं काम ज्योतीरामकडे होतं. ज्याचं नाव वाचता येई त्याच्या खोलीत पाकीट जाई. ज्याचा पत्ता लागत नसे ते पाकीट हातात धरून तो अंगणात उभा राहायचा आणि भाजीवाल्यासारखी आरोळी द्यायचा. राखीच्या आठवड्यात तर रोज. मराठवाड्याच्या, खानदेशाच्या बहिणींची पाकिटं, ओल्या शाईची, नावं धड नसलेली.

त्यात एक पाकीट होतं. वर लिहिलं होतं, "दादास, येळवंडे चाळ, कुरुळी." मागे, "सौ. मंजुषा, औसा." बाकी काही नाही. घरमालकाचं आडनाव चाळीच्या नावातच होतं, त्यामुळे ते आपल्यासाठी असेल असं त्याला वाटलं नाही, आणि दादा तर चाळीत खोलीला एक होता. लातूरकडचं पाकीट म्हणजे भाडेकरूचं, एवढा हिशेब त्यानं केला आणि अंगणात जाऊन ओरडला, "मंजुषा कुनाची रं? ए, मंजुषा कुनाची?"

पोरं हसली. कुणीतरी म्हणालं, "आमची असती तर बरं झालं असतं, शेठ!" तोही हसला. पाकीट त्यानं खिडकीत ठेवलं. आठ दिवसांनी पोस्टमन परत घेऊन गेला.

पुढच्या वर्षी पुन्हा आलं. त्याच्या पुढच्याही. तीनही वेळा तो ओरडला होता. आणि तीनही वेळा आरोळी देऊन झाल्यावर तो ओट्यावर येऊन बसला होता, बहिणीच्या पत्राची वाट बघत.

"आबा?" योगिनी म्हणाली. "पाणी देऊ का?"

ज्योतीरामनं सगळं सांगितलं. सांगताना तो कुणाकडे बघत नव्हता. बाबांच्या हाती लागलं तर फाडतील म्हणून तिनं त्याचं नाव घातलं नसेल. अक्षर दादा ओळखेल, असं धरून चालली असेल. आणि त्यानं पाकीट हातात धरून अक्षर सोडून सगळं वाचलं होतं.

"मी म्हनत व्हतो, तिनं एक चिठ्ठी धाडली न्हाई," तो म्हणाला. "आई, तिच्या राख्या मी परत धाडल्या. तीन येळा. चाळीसमोर हसं करून धाडल्या."

अंबुबाईनं हात पुढे केला आणि अठ्ठावन्न वर्षांच्या मुलाच्या टकलावर ठेवला.

"योगिनी," ज्योतीराम डोळे पुसून म्हणाला, "एवडी खूण बास हाय का?"

"मला पुरे आहे," ती म्हणाली. मग नियमाचं माणूस जागं झालं. "पण पन्नास हजार आधी नको. एक रुपया पाठवू. रुपयाबरोबर चार शब्दांचा शेरा जातो आणि तुमचा मोबाइल नंबरही त्यात बसेल. आत्याच असतील तर उत्तर येईल."

"आन् आलं न्हाई तर?" पिंटूनं विचारलं.

"काय लिहू, आबा?"

ज्योतीरामनं खूप वेळ विचार केला. माफीचं लिहावं, तर माफी चार शब्दांत मावत नव्हती.

"लिही, मंजुषा आमची."

योगिनीनं ते इंग्रजी अक्षरांत टाइप केलं, पुढे नंबर घातला आणि रुपया सोडला. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. सुमनताईंनी सासूला वाटीभर ताक आणून दिलं, ते तिनं बाजूला ठेवलं. पिंटू फाटकापर्यंत चकरा मारू लागला. ज्योतीराम फोन मांडीवर ठेवून पायरीवर बसला. पोस्टमनची वाट बघायचा ती जागा हीच, हे त्याच्या लक्षात आलं, पण तो उठला नाही. दुसऱ्या एका कंपनीची बस आली, माणसं घेऊन गेली. पाऊण वाजला.

फोन वाजला. अनोळखी नंबर. योगिनीनंच फोन ज्योतीरामच्या मांडीवरून उचलून स्पीकरवर टाकला.

"कोन बोलायलाव?" बाईचा आवाज. जाड, सावध, अस्सल लातूरकडचा. "मी मंजुषा सूर्यवंशी बोलायले, औशाहून. तुमच्या नंबराचा एक रुपया माज्या खात्यात पडलाय. पोरगं म्हनायलंय फसवायचा धंदा असंल, फोन लावू नको. तुमाला नाव कुनी सांगितलं माजं?"

ज्योतीराम ऐकत राहिला. या आवाजात कुरुळी कुठेच नव्हती. नाकाला ओढणी लावून "जोरात मार" म्हणणारी ती पोरगी त्यात सापडेना. पिंटू जवळ येऊन उभा राहिला होता आणि नकारार्थी मान हलवत होता.

"बोला की," बाई म्हणाली. "न्हाईतर ठिवते."

"कस्तुरे," ज्योतीराम म्हणाला.

पलीकडून काही आलं नाही. फोन चालू होता, मागे कुठेतरी गिरणीची घरघर ऐकू येत होती, पण बाई बोलेना. योगिनीनं हळूच सासऱ्याच्या खांद्याला हात लावला. अंबुबाईनं डोळे मिटले. नाही, ही ती नव्हे, ज्योतीरामच्या मनात आलं, आणि त्याच क्षणी त्याची नजर सुमनताईंवर गेली. त्या उंबऱ्यात उभ्या होत्या आणि हातानं खुणावत होत्या. थांबा. थांबा जरा. पुन्हा मारा हाक.

"कस्तुरे, ए कस्तुरे," त्यानं पुन्हा हाक मारली, चाळीच्या अंगणातली, मोठ्या गळ्याची.

"ओ," पलीकडून आलं.

ते एवढंसं अक्षर निघायला किती लांबून यावं लागलं असेल ते त्या आवाजातच कळत होतं.

"ओ, दादा. मला कळलंच न्हाई रं. या नावानं कुनी हाक मारत न्हाई ना आता. मला वाटलं, दुसऱ्या कुनाला तरी बोलावताय." ती थांबली. मग नाक ओढल्याचा आवाज आला, आणि जेव्हा ती पुन्हा बोलली तेव्हा तिच्या बोलण्यात एकही शब्द लातूरचा उरला नव्हता. "दादा, आय हाय का रं?"

"हाय की."

"जेवली का ती?"

अंबुबाईनं खुर्चीचे हात सोडले. "वाढा गं ताट," ती सुनेला म्हणाली, "आन् त्यो फोन हितं माज्यापाशी ठिवा."